कॉफीच्या मळ्यातलं शिंगांचं खातं

सर्व संबंधित व असंबंधित नागरिकांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, मोशी येथे राहणाऱ्या, वय वर्षे बावन्न, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर असलेल्या इसमाने कॉफीच्या मळ्यातील आपली भागीदारी सोडली आहे. सदर इसमास भागीदार म्हणून घेतले होते की आणखी कशासाठी, हे त्यास चार वर्षे समजले नाही. चार वर्षे! आणि हा गृहस्थ रोज केसाच्या जाडीएवढी चूक पकडून पगार घेतो. तरी जनतेने हसण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा.

हसलात तरी चालेल म्हणा. कॅंटीनमध्ये मी ही गोष्ट सांगतो तेव्हा हातवारे करून सांगतो, शिंगांचा भाग आला की डोक्याला दोन बोटं लावून टेबलाभोवती एक चक्कर मारतो आणि टाळ्या घेतो. फक्त शेवट सांगत नाही. तो इथं सांगतो.

माझा मित्र आणि मी वीस वर्षं एका लाइनवर होतो. तो मशीनवर, मी गेज घेऊन त्याच्या मागे. त्याचे पीस मी रिजेक्ट करायचो, तो मला शिव्या द्यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. तो अमरावतीकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण चिडला, हरखला किंवा गडबडला की सरळ वऱ्हाडीवर यायचा. माझ्या बायकोच्या हातची सुकटीची चटणी त्याला इतकी आवडायची की घरी आला की तो ताटाची वाट बघत नसे. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, तव्यावरची भाकरी घेऊन खायचा. हे मुद्दाम सांगतोय. माझ्या मनात कधी काही आलं कसं नाही, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं, त्याचं उत्तर हे आहे.

कंपनीनं व्हीआरएस काढली तेव्हा त्यानं ती घेतली. त्याच्या बायकोच्या माहेरची चार एकर जमीन चिखलदऱ्याच्या डोंगरावर पडून होती आणि तीत कॉफीची जुनी झाडं होती. होय, कॉफी, आणि तीही महाराष्ट्रात. मीही फोनवर दोनदा विचारलं होतं. पावसाळ्यात ढग तिथं थेट घरात शिरतात, वर उंच सिल्व्हर ओकची सावली, आणि खाली माणसाच्या उंचीची हिरवीगार झुडपं. ती झुडपं रानासारखी माजली होती. मित्र कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि पार बदलला. युरिया बंद, फवारणी बंद. नुसतं सेंद्रिय त्याला पुरेना. त्याच्याही पुढचं, बायोडायनॅमिक.

"म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

"चंद्र बघून काम करायचं. छाटणी कधी, खत कधी, सगळं चंद्राच्या चढण्या-उतरण्यावर."

"म्हणजे चंद्रालाही शिफ्ट लावली म्हण की."

"हास लेका, हास. पण तू पाहिजेस भावा. पार्टनर म्हणून. तुझ्याबिगर हे होत नाही."

फोन ठेवला आणि मी खुर्चीवर उभा राहून बायकोला घोषणा केली, की सातपुड्याच्या डोंगरातून एका जाणत्या शेतकऱ्यानं माझ्या पारखी नजरेला निमंत्रण धाडलं आहे.

ती वांगी चिरत होती. तिनं वर न बघता एक फोड सुरीच्या टोकावर धरून मला दाखवली. "ही तुमची पारख. सहातली चार किडकी."

तरी मी गेलो. सुट्ट्या साठवून, दर तीन-चार महिन्यांनी जात राहिलो. पहिल्या हंगामात मी तोडणीच्या बायकांना लाल रंगाची कार्डं करून दिली, फळ या रंगाचं झालं तरच तोडायचं म्हणून. त्यांनी कार्डं कौतुकानं कमरेला खोचली आणि एकदाही न बघता बिनचूक लाल फळं तोडली. कार्डाची गरज मला एकट्यालाच होती. वाळलेले दाणे पांढऱ्या कापडावर पसरून मी फुटके, काळे, किडके वेगळे करायचो. कॉफी चमच्यानं सुर्रकन ओढून तोंडात फिरवून थुंकायलाही शिकलो. घरी तसा चहा पिऊन बघितला तर बायकोनं बशीच काढून घेतली. काय सांगू, इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. कुणीतरी वीस वर्षं मला बघितलं होतं आणि ठरवलं होतं, हाच माणूस पाहिजे.

मग शिंगं आली.

या शेतीत एक प्रकार असतो. व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरायचं आणि नवरात्राच्या सुमाराला जमिनीत पुरायचं. थंडी सरल्यावर उकरून काढायचं. शेणाचं काळंभोर, जंगलासारखा वास येणारं खत झालेलं असतं. मूठभर पुरतं. ते पिंपातल्या पाण्यात घालून तासभर ढवळायचं, भोवरा पडेपर्यंत एका दिशेनं, मग उलट्या दिशेनं, आणि ते पाणी रानात शिंपडायचं.

"तीस शिंगं लागतात," मित्र म्हणाला. "ते खातं तुझ्याकडं."

मला वाटलं, बरोबर आहे. कारखान्यात नवा माल लागला की पुरवठादार शोधायला मलाच पाठवतात. मी पुण्यात शिंगाच्या फण्या आणि सुऱ्यांच्या मुठी करणारा एक म्हातारा कारागीर शोधून काढला. म्हातारपणानं मेलेल्या गाईंची शिंगं, गोशाळेच्या चिठ्ठीसकट. मी व्हर्नियर घेऊन त्याच्यासमोर मांडी घातली. शिंगाच्या बुडाशी वळी असतात, एका वेताला साधारण एक. वळी नसलेलं शिंग बाद. तडकलेलं बाद. बैलाचं तर सरळ बाहेर. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही मोजायला येणार हे त्या गाईंना कुणी सांगितलं नव्हतं हो."

तीस शिंगं पास झाली. मी गोणी रिक्षात घातली आणि घरी आणून गॅलरीत ठेवली.

गॅलरीत माझे वडील बसतात. आबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी गोणीचं तोंड काठीनं उघडलं.

"ह्ये काय हाय?"

"शिंगं, आबा. कॉफीला खत करायचंय."

आमच्या घराण्याकडं गावकीतलं कुठलं काम होतं, हे वेगळं सांगायला नको. गावात जनावर मेलं की निरोप आमच्या दारात यायचा. माझ्या आजोबांनी एके दिवशी सांगितलं, आजपासून आम्ही ओढणार नाही. मग गावानं दुकान बंद केलं, रोजगार बंद केला. आजोबा लहानग्या आबांना खांद्यावर घेऊन देहूरोडला आले, लष्कराच्या डेपोत हमाल झाले, धम्म घेतला. आबा कामगार झाले, मी इन्स्पेक्टर. आमच्या घरात ही गोष्ट कुणी रडून सांगत नाही. पण माहीत सगळ्यांना आहे.

आबा गोणीकडं बघत होते. "तुझ्या आज्यानं ज्याच्यापायी गाव सोडलं, ते तू रिक्षात घालून घरी आणलंस व्हय रं?"

मी हसलो. खरोखर हसलो. "आबा, हे शास्त्र आहे. परदेशातले शेतकरी करतात. शिकलेली माणसं. यात जात कुठं आली?"

"न्हाई आली तर बरंच हाय," ते म्हणाले, आणि गोणी गेली तोवर आठ दिवस चहा प्यायला गॅलरीत आले नाहीत.

त्याच आठवड्यात मित्र चिंचवडला एका लग्नाला आला होता. स्वतःची जीप घेऊन. गोणी नेतोस का विचारलं तर म्हणाला, गाडीत बायकांचं सामान आहे. मग ती गोणी मी एसटीनं नेली, पायांत धरून, गोशाळेची चिठ्ठी वरच्या खिशात ठेवून. रस्त्यात कुणी गोणी उघडायला लावली असती तर चिठ्ठी वाचायला किती जण थांबले असते, हा विचार मी तेव्हा केला नाही. आता करतो.

शिंगांत शेण भरायच्या दिवशी मित्राची कंबर धरली. दुसऱ्या वर्षीही नेमकी त्याच दिवशी धरली. तिसऱ्या वर्षी मी त्याच्यासाठी कमरेचा पट्टा घेऊन गेलो, इतका मी भोळा! भरणं, पुरणं, उकरणं, सगळं मीच केलं. पिंप ढवळायची वेळ आली की मात्र कंबर सुटायची. तो अंघोळ करून, पांढरा सदरा घालून यायचा आणि तासभर ढवळायचा. फोटो त्याचेच निघाले. कॉफीच्या पाकिटावर 'दोन मित्रांचा मळा' असं छापायचं ठरलं होतं. छापून आलं तेव्हा 'एका कुटुंबाचं स्वप्न' होतं, आणि ढवळणारा तो.

"छापणाऱ्यानं घोळ केला," तो म्हणाला. मी मान्य केलं. कारखान्यात मी कुणाचं असं कारण मान्य केलेलं नाही.

चौथ्या हंगामात हिंजवडीची काही आयटीतली मंडळी मळा बघायला आली. दहा-बारा तरुण जोडपी, वर्षभर कॉफी घेणारी. मी त्यांना चव घ्यायला शिकवलं, सगळ्यांनी मिळून सुर्र केलं, एकाला ठसका लागला, मजा आली. मित्रानं चंद्र, माती, शेण यांच्यावर सुंदर भाषण दिलं. मग एका मुलीनं विचारलं, "ही शिंगं कोण आणतं?"

मी तोंड उघडलं. फण्या करणारा म्हातारा, व्हर्नियर, सगळी गोष्ट जिभेवर तयार होती. पण मित्र आधी बोलला, माझ्या खांद्यावर हात ठेवून, कौतुकानं.

"ते खातं यांचं. यांच्याकडं पिढीजात आहे ना. त्यासाठीच तर घेतलंय यांना."

"वॉव! पारंपरिक ज्ञान!" कुणीतरी म्हणालं. एकानं मोबाइल काढला आणि मला शिंग हातात धरायला सांगितलं. मी धरलं. तो फोटो मला नंतर आला. त्यात मी छान हसतोय.

मंडळी झाडांकडं गेली. मी मित्राला कॉफी वाळत घातली होती त्या अंगणात थांबवलं.

"मला कशासाठी घेतलं होतंस?"

"अरे, पाहुण्यांपुढं बोलून गेलो रे."

"बोलून गेलास ते ऐकलं. खरं आहे का, ते विचारतोय."

तो वाकून दाणे हातानं सारखे करायला लागला. कंबर अजिबात दुखत नव्हती. "तू राईचा पर्वत करतोस. तुझी नजर आहे, चव आहे, ते पण आहेच की."

"ते पण?"

त्यानं दोन्ही मुठींत दाणे उचलले.

"वीस वर्षं माझ्या डब्यात जेवलास," मी म्हणालो. आवाज मला वाटला तितका मोठा निघाला नाही. "एक शिंग तरी उचललंस का रे चार वर्षांत? एक?"

मला वाटलं, माफी मागेल. निदान खोटं बोलेल. खोटं बोलला असता तर, खरं सांगतो, मी तेही पास केलं असतं. पण तो गडबडला, लाल झाला आणि दाण्यांनी भरलेले दोन्ही हात पसरून ओरडला, "मंग कोणाले सांगणार होतो भावा? आमच्यात कोणी हात तरी लावते का त्याले!"