अक्षय तांब्याची पारख

वाशिंदची कंपनी बंद पडली त्या वर्षी आमच्या घरात एका जागी बसणं कोणालाच जमत नव्हतं. सकाळचा चहा झाला की बाबा शहापूरच्या बाजारातून चालत हायवेपर्यंत जायचे, नाशिककडे जाणारे ट्रक बघत उभे राहायचे आणि परत यायचे. आल्यावर ओटीवर टेकायचे, लगेच उठायचे, परसात जाऊन विहिरीत डोकावायचे, पुन्हा ओटीवर. आई म्हणायची, "अवो, बसा ना जरा. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं सारवलेलं उखडतंय."

मीही काही शांत नव्हते. बारावी झाली होती, डी.एड.ला नंबर लागतो की नाही ते कळत नव्हतं, आणि माझी जीभ तर पहिल्यापासूनच तिखट. दिवसभर कोणावर तरी खेकसायला काहीतरी शोधत फिरायचे.

कंपनी बंद झाल्यापासून बाबा नातेवाइकांत गेले नव्हते. कोणाचं बारसं असो की उत्तरकार्य, त्यांचं नेमकं काहीतरी दुखायचं. कारण मला ठाऊक होतं. पंगतीत शेजारी बसणारा पहिला घास घेण्याआधीच विचारायचा, "मग, हल्ली काय चाललंय?" इतकी वर्षं त्याला उत्तर तयार होतं, वाशिंदला कंपनीत. आता ते उत्तर गेलं होतं आणि दुसरं सापडत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच मुरबाडकडे दिलेल्या माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मामाच उभा राहतो. तिला सख्खा मामा एकच, आमचे बाबा. आईने विचारलं की बाबा म्हणायचे, "बघू." ते 'बघू' ऐकलं की आई भांडी आपटायची.

न्हाव्याच्या दुकानात एका जुन्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर बाबांना ती जाहिरात दिसली. केस वाढवायचं तेल आणि उंची वाढवायच्या गोळ्या यांच्या मधोमध एक चौकट. 'अक्षय तांब्या! कितीही ओता, रिकामा होणार नाही! हातचलाखी नको, सराव नको! कोणीही करा, कुठेही करा! जाणकारांनाही थांग लागणार नाही!' उद्गारचिन्हांचा मला तेव्हापासून संशय येतो.

पोस्टमनने खोकं आणून दिलं. आत पितळेसारखा चमकणारा, पण उचलला की पत्र्याचा वाटणारा तांब्या आणि घडी घातलेला एक कागद. युक्ती साधी होती. तांब्याला भिंती दोन, आणि दोन्हींच्या मधल्या चोरकप्प्यातही पाणी मावायचं. गळ्यापाशी बाहेरून एक बारीक भोक होतं. ते अंगठ्याने दाबून तांब्या उपडा केला की फक्त आतल्या भांड्यातलं पाणी सांडायचं आणि धार थांबायची. खाली ठेवून अंगठा काढला की चोरकप्प्यातलं पाणी तळाच्या छिद्रातून आत शिरायचं. रिकामा तांब्या पुन्हा भरलेला.

"मुरबाडला कोणी इचारलं तर सांगायचं, जादूचे प्रयोग करतो," बाबा म्हणाले. "शाळांमधी, वाढदिवसांना. काय वाईट हाय?" ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते, तांब्याकडे बघून बोलत होते.

परीक्षक मी. "तू समोर बस. लोक बसतात तशी. आन खरं सांग. तुझी आई आपली बरं म्हणून सोडून देईल." आई बरंही म्हणाली नसती. तिने त्या तांब्याकडे एकदा बघून "कचकड्याचा हाय" म्हटलं होतं आणि प्रयोग बघायला ती एकदाही बाहेर आली नव्हती.

पहिल्या दिवशी तांब्या गळत होता. बाबांनी सांध्यावर मेण लावलं. मग गुडगुड आवाज यायला लागला. "ऐकू येतंय," मी म्हटलं. त्यावर ते प्रयोग करताना मोठमोठ्याने बोलायला लागले, "तर मंडळी, हा तांब्या बघा!" आमचे बाबा जन्मात कोणाला मंडळी म्हणाले नव्हते. माझ्याच अंगावर काटा आला.

आणि अंगठा. "अंगठा दिसतोय," मी म्हटलं.

"अंगठा सगळ्यांचाच दिसतो गो."

"तुमचा जास्त दिसतो."

त्यांनी अंगठ्याऐवजी बोट लावून बघितलं. खांद्यावरचा पंचा तांब्यावर टाकून बघितला. तिरकं उभं राहून बघितलं. जितकं लपवायला जायचे तितकी माझी नजर तिथेच जायची. अंगठा दाबताना त्यांचा खांदासुद्धा वर यायचा आणि ओठ आवळले जायचे. रोज संध्याकाळी ओटीवर हेच. मी बसल्या जागी चुळबुळत राहायचे. वाटायचं, उठून तो तांब्या हिसकावून विहिरीत टाकावा. छान म्हटलं तर ते मुरबाडला भर मांडवात उभे राहणार आणि पहिल्याच धारेला कोणीतरी ओरडणार, भोक हाय तिथं! छान नाही म्हटलं तर जाणारच नाहीत. मला दोन्हींची भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाही रागच यायचा.

शेवटी एकदा त्यांनी विचारलं, "आता?" मी म्हटलं, "दिसतंय, बाबा. कोणालाही दिसेल. जाहिरात खोटी आहे." आजही मी तेच म्हणेन. दिसत होतं.

त्यांनी पाणी तुळशीला ओतलं, तांब्या पुसून ओटीच्या फळीवर ठेवला आणि मग त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "लग्नाला तू आन पोरगी जा. मला ताप येईलसं वाटतंय." लग्नाला अजून बरेच दिवस होते आणि ताप आत्ताच ठरला होता.  आईने भांडीसुद्धा आपटली नाहीत, ते जास्त वाईट होतं.

तांब्याने माझी पाठ सोडली नाही. खोट नक्की कशात आहे ते मला कळायला हवं होतं. एका दुपारी मी तो काठोकाठ भरला आणि मेण पाणी धरतं का ते बघायला ओटीच्या कडेला ठेवून आत गेले.

तेवढ्यात अंगणात हाक आली, "हाय का कोण घरात?" आत्याचे सासरे. किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने आले होते, आणि स्टँडवरून उन्हात चालत. मामाचं आमंत्रण दुसऱ्याच्या हातून पाठवत नाहीत, घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः यायचं असतं. बाबांना सगळ्यात जास्त धाक कोणाचा असेल तर ह्या आबांचा. बाबा परसात होते. आवाज ओळखला आणि मागच्या दाराआड जाऊन उभे राहिले. मला हाताने खूण केली, नाय म्हणून सांग.

आई पुढे गेली. पाहुणा टेकला की आधी पाणी, मग विचारपूस. समोर भरलेला तांब्या दिसला, तिने तोच उचलून पुढे केला. तिच्या लेखी तो एक हलका तांब्या होता, बस. मी आतून बघितलं तोवर आबांनी तो हातात घेतलासुद्धा होता.

आमच्याकडची जुनी माणसं तांब्याला तोंड लावत नाहीत. गळ्याशी मुठीत धरतात, मान मागे टाकतात आणि वरून धार सोडतात. आबा तसेच प्यायले. धार मध्येच थांबली. त्यांनी तांब्या हलवून बघितला आणि खाली ठेवला.

"बाय, अर्धाच भरलास वाटतं."

आईचा चेहरा पडला. पाहुण्याला अर्धा तांब्या देणं म्हणजे आलात कशाला म्हणण्यासारखंच. भरून आणायला तिने घाईने तांब्या उचलला आणि आत बघितलं. "अवो आबा, हाय की पाणी. प्या ना, लाजता काय?"

"मी संपवला."

"भरलेला हाय."

आबांनी वाकून बघितलं. पुन्हा मुठीत धरला, पुन्हा मान मागे टाकली, धार थांबेतो प्यायले आणि उपडा करून आईला दाखवला. एक थेंब पडला. खाली ठेवला. दोघं वाकली. तांब्यात पुन्हा पाणी.

आता आईच चिडली. "आबा, तुमी पितायसा का नुसतं तोंड वर करतायसा?"

मी दाराच्या चौकटीला धरून बघत होते. आबांचा अंगठा बरोबर त्या भोकावर बसत होता, कारण तांब्या धरायची त्यांची रीतच तशी. आणि मला, एवढे दिवस डोळे फाडून बघणाऱ्या मला, त्या हातात काहीही खोटं दिसत नव्हतं. हातचलाखी नाही, सराव नाही, कोणीही, कुठेही. जाहिरातीतला शब्द न् शब्द माझ्यासमोर खरा होत होता.

मी धावत मागे गेले. "बाबा, दिसत नाही! काहीच दिसत नाही!" त्यांना काय ते कळेना. हाताला धरून मी त्यांना मधल्या दारापर्यंत ओढत आणलं. फटीतून त्यांनी बाहेर बघितलं.

बाहेर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. खिशातून आमंत्रणाच्या कुंकवाची आणि अक्षतांची पुडी काढली. बोट कुंकवात बुडवलं आणि त्या पत्र्याच्या तांब्याला टिळा लावला. वर दोन अक्षता टाकल्या. "पैलं आमंत्रण तुला," ते हळूच म्हणाले. "पोरीचं लगीन हाय. येवन पार पाड." आणि तो पांढऱ्या डोक्याचा माणूस हात जोडून तांब्यापुढे कपाळ टेकवायला वाकला.

माझ्या हातातून बाबांचा हात सुटला.

"आबा, नका!" ते बाहेर पोचलेसुद्धा होते. "नका करू. ते देवाचं नाय. माझं हाय. जादूचं हाय, पोष्टानं मागवलेलं. हितं बघा, हितं भोक हाय."  त्यांनी तांब्या आडवा धरला, भोक दाखवलं, दोन भिंती दाखवल्या, सगळं सांगून टाकलं. आई तोंडाला पदर लावून उभी होती.

आबांनी भोकात नख घालून बघितलं. मग बाबांकडे बघितलं.

"आन तू कुठं होतास?"

"मागं."

"मागं काय करत होतास?"

"काय नाय."

"हल्ली काय करतोस?"

तोच प्रश्न.  बाबांच्या हातात अजून तांब्या होता आणि ठरवलेलं उत्तर होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"काय नाय, आबा. कंपनी बंद झाली. घरीच असतो."

"ते मला ठाव हाय. अख्ख्या मुरबाडला ठाव हाय," आबा म्हणाले. "पोरीच्या पाठीशी उभा ऱ्हाणार का नाय, ते इचारायला आलोय मी."

उत्तराची वाट न बघता त्यांनी त्याच कुंकवाचं बोट बाबांच्या कपाळाला लावलं. बाबा म्हणाले, "येतो." एवढंच. मला रडू आलं आणि रडताना कोणी बघू नये म्हणून मी पाणी आणायला आत गेले, साध्या तांब्यातलं.

जाताना आबांनी जादूचा तांब्या मागून घेतला आणि पिशवीत घातला.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही मुरबाडला पोचलो तेव्हा मांडवात गर्दी जमली होती. मधोमध आबा उभे होते, हातात तो तांब्या. "बघा रे, हा रिकामा केला!" बाबा पुरुषांमध्ये जाऊन बसले. शेजारच्याने त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, आणि शेजारच्याने पानाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मी बायकांतून मान उंच करून बघत होते. आबांनी तांब्या उपडा केला. आता त्यांना भोक कुठे आहे ते ठाऊक होतं. त्यांचा खांदा वर आला, ओठ आवळले गेले, आणि अंगठा असा काही दाबला गेला की नख पांढरं पडलं.

आणि भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाबा ओरडले, "आबा, अंगठा दिसतोय!"