मिठागरावरची गोष्ट

"मावशी, तुम्हाला त्याला भरवायला ठेवलंय. बोलायला नाही."

कोलशेतच्या टॉवरमधलं क्लबहाउस. रविवारची सकाळ. मुलांची गोष्ट सांगायची स्पर्धा नुकतीच संपलेली. मॅडम हे सगळ्यांसमोर बोलल्या. मी त्यांच्या मुलाची पाण्याची बाटली धरून उभी होते. कोणी माझ्याकडे बघत होतं, कोणी मुद्दाम बघत नव्हतं.

झालं होतं एवढंच. बाकीची मुलं पाठ केलेल्या इंग्रजी गोष्टी सांगून गेली. मी सांभाळायचे तो पाच वर्षांचा अर्णव उठला आणि त्याने माझी गोष्ट सांगितली. माझ्या आगरी बोलीत. माझ्या आजाची. आजा मिठागरात कामाला होता. संध्याकाळी घरी जाताना मुकादम सगळ्यांची झडती घ्यायचा, कोणी मूठभर मीठ नेतंय का म्हणून. एक दिवस आजाने त्याच्यापुढे हात धरला. घाम वाळून पांढरा झालेला. आणि विचारलं, "यो मीठ पन तुजाच हाय का?"

अर्णवने हात पुढे करून अगदी तसंच विचारलं. सगळे हसले. गोष्टीला नाही, भाषेला.

"उद्यापासून गोष्टी बंद," मॅडम म्हणाल्या. "टॅब लावून भरवा."

मी "हो मॅडम" म्हटलं. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चार दिवस मी मुकाट्याने भरवलं. पोरगं टॅबकडे बघत घास गिळायचं. काय खाल्लं ते त्यालाही कळायचं नाही. पाचव्या दिवशी त्याने टॅब उलटा ठेवला.

"मावशी, मुकादम मग काय बोलला?"

काहीच नाही. काहीच बोलला नव्हता तो. आजाला जाऊ दिलं होतं त्याने. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. आणि लाज वाटली. बाळकुमला माझ्या घरी माझी मुलगी आहे, आठवीतली. तिला ही गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती. तिने शुद्ध बोलावं, तिला कोणी हसू नये, म्हणून मीच घरात आमची बोली बंद केली होती. मॅडमनी चार दिवस केलं ते मी माझ्या पोरीच्या बाबतीत तेरा वर्षं करत आले होते.

मॅडम समोरच बसल्या होत्या. मी मोठ्याने सांगितलं, "मुकादम कायच नाय बोलला. त्याचेजवल बोलाला व्हता काय?"

"मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"काढायचं तर काढा मॅडम. गप्प बसून मी पोर सांभाळणार नाही."

त्यांनी काढलं. अर्णव दारात रडत होता, त्याचं मात्र वाईट वाटलं.

आता मी चार घरच्या पोळ्या करते. दुपारी मी आजाच्या गोष्टी सांगते, मुलगी वहीत लिहिते. पहिल्या दिवशी तिने सगळं पुस्तकी भाषेत उतरवलं. मी ते पान फाडायला लावलं. "मी जशी बोलतंय तशीच लिव."

परवा ती म्हणाली, "आई, बाईंनी वही बघून मिठाची गोष्ट वर्गात वाचायला सांगितलीय. पोरं हसतील गं."

"हसतील," मी म्हटलं. "तू थांबू नको. खाली मान घालून वाचलंस त माज्याशी गाठ हाय."

सोमवारी ती वाचणार आहे. मी चारही घरी सुट्टी सांगून ठेवली आहे. वर्गाच्या दारात उभी राहणार आहे. कोण हसतं ते मला बघायचंय.