रेडिएटरमधली हळद

आमच्या शेणवे गावात माझ्या गाडीला कुणी गाडी म्हणत नाही, 'बायचा डबा' म्हणतात. डबा म्हणजे एक जुनी मिनीबस. आधीच्या कुठल्यातरी मालकानं आतल्या सीटा काढून तिच्यात घर बसवलंय. मागं आडवा पलंग, समोर दोन शेगड्यांचा ओटा, हातभर बेसिन आणि पलंगाखाली आंघोळीचं पाणी तापवायची टाकी. ही टाकी विजेवर नाही आणि गॅसवरही नाही. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी पाइपातून मागं येतं, टाकीला ऊब देतं आणि परत इंजिनात जातं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. चुलीवर भात रटरटतोय आणि वैलावर आंघोळीचं पाणी तापतंय, तसंच की ते.

गाडी मला माझ्या भावानं दिली. धाकटा भाऊ, मला एकच. आमचं माहेर मुरबाडच्या पुढं. तिथं तो भातशेती करतो आणि शेताच्या कडेला खोल्या बांधून शहरातल्या पाहुण्यांना ठेवतो. पाहुण्यांना हौस म्हणून त्यानं ही गाडी जुनी विकत घेतली होती. मग बाबा गेले, सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी हक्कसोडीवर सही केली. माझ्या आईनं तिच्या भावांसाठी केली होती, आत्यानं बाबांसाठी केली होती. मला कुणी आग्रह केला नाही आणि मीही काही मागितलं नाही. माहेरचा उंबरा आपला राहिला म्हणजे झालं, एवढंच माझ्या मनात.

कचेरीतून बाहेर पडलो तर भाऊ म्हणाला, "ताय, तू ल्हानपनापासून म्हनतेस, घाटाच्या वर फिरायचंय, वाटंल तितं थांबायचंय. तो डबा तू घेऊन जा. तुजाच हाय."

माझ्या माहेरच्या अंगणातून माळशेजचे डोंगर दिसतात. एसटीनं मी वर गेले होते, नाही असं नाही. पण एसटी कुठं थांबते? एखादं तळं दिसलं, एखादी विहीर दिसली, की मान वळेपर्यंत मागं पडायची. ते भावाच्या ध्यानात राहिलं होतं याचंच मला अप्रूप. वर त्यानं नवीन गादीही करून घातली होती. "तुजी कंबर दुखते ना," म्हणाला.

मग काय, मी गावभर सांगितलं. शहापूरच्या बाजारात सांगितलं, खर्डीच्या नणंदेला सांगितलं, भांडी घासायच्या साबणाच्या दुकानदारालासुद्धा सांगितलं. बहिणी सह्या करतात आणि साडी घेऊन घरी येतात, माझ्या भावानं मला चाकावरचं घर दिलं. नणंद म्हणाली, "आता वैनी कुटं आपल्यात बसते, ती निघाली जगाच्या सफरीला." तिच्या बोलण्यातली मिरची मला कळली, पण गोडच लागली.

आमचे हे पूर्वी ट्रक चालवायचे, त्यामुळे गाडी चालवायला घरचाच माणूस. सुरुवातीला आम्ही जवळच फिरलो. डोळखांबला गेलो, किन्हवलीला गेलो. रोज सकाळी मी चहा ठेवायची तोवर हे तांब्या घेऊन गाडीची काच धुवायला जायचे. मी कौतुकानं बघायची. घरातलं एक भांडं कधी विसळलं नाही या माणसानं.

पाऊस संपून शेतं पिवळी व्हायला लागली तेव्हा आम्ही घाट चढायला निघालो. मुरबाड गेलं, टोकावडं गेलं, चढ सुरू झाला. मी पुढच्या सीटवर मांडी घालून बसले होते आणि बोलत होते, मी बोलतेच. हे सारखे काट्याकडं बघत होते. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. तो आधी मधोमध होता, मग सरकत सरकत लाल रेघेला टेकला आणि पुढच्या झाकणातून वाफ यायला लागली.

गाडी कडेला लावली. हे म्हणाले, "हात लावू नको, निवू दे." मग सीटखालून त्यांनी पाण्याचे कॅन ओढून काढले. एक, मग दुसरा, मग आणखी. मी म्हटलं, "अहो, एवढं पानी कशाला घेतलंत? आपन काय वाळवंटात चाललोय?"

"घाट हाय," एवढंच म्हणाले.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं, गाडी उलटी वळवली आणि उतारावर हळूहळू टोकावड्याला परत आलो. तिथं रस्त्याला लागूनच एक गॅरेज आहे. मेकॅनिक चाळिशीतला, बोलका, माझ्याहून बोलका म्हटलं तरी चालेल. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावला आणि म्हणाला, "मावशी, सौंसार घेऊनच आलात. चला, चहा तुमच्याकडं."

मी चहा ठेवला. त्यानं खाली पुठ्ठा अंथरला आणि इंजिन चालू ठेवलं. पाणी कुठून गळतंय ते पुठ्ठ्यावर थेंब पडले की कळतं. थेंब पडलेच नाहीत. म्हणाला, पाण्याचा पंप गेला असेल. पंप बघितला, कोरडा ठणठणीत. मग म्हणाला, पाणी भरायचं झाकण सैल असेल. झाकण बदललं. तरी पाणी कमी होतंच. ओलावा कुठं नाही आणि पाणी मात्र जातंय.

"पानी पितंय कोन, काका?" त्यानं यांना विचारलं. हे टायरकडं बघत होते.

मग गाडी पुन्हा निवल्यावर त्यानं रेडिएटरमध्ये बोट घातलं. रेडिएटर म्हणजे पुढची जाळी, इंजिनाचं गरम पाणी जिथं थंड होतं ती. बोट बाहेर काढलं तर त्याला पिवळा गाळ. त्यानं तो माझ्यापुढं धरला. मला वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी घेतला. जन्मभर जी डब्यातून चिमटीनं काढली, ती मला कळणार नाही?

"हळद," मी म्हटलं.

"हळदच. कुनाच्या लग्नाची म्हनायची ही?" तो हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. रस्त्यात रेडिएटरला बारीक भोक पडलं की ड्रायव्हर लोक मूठभर हळद टाकतात. ती फुगते, भोकात बसते आणि गळती तेवढ्यापुरती थांबते. गॅरेजपर्यंत पोचायचा उपाय तो. "पन ही आजकालची नाय, मावशी. चांगली मुरलीय. गाडी कुनाकडनं घेतलीत?"

मी चहाचे कप गोळा करायला घेतले.

त्यानं हवेच्या पंपानं रेडिएटरमध्ये हवा भरली. पाणी ज्या फटीतून जातं तिथून हवाही जाणार, आणि आवाज करून जाणार. तो गाडीखाली आडवा झाला, हे बॉनेटपाशी उभे राहिले, मी आत कप विसळत होते. मलाच ऐकू आलं. निखाऱ्यावर दूध सांडावं तसा बारीक आवाज, पलंगाखालून.

गादी उचलली. तिच्या पोटाला ओलीचा मोठा डाग होता आणि शेवाळल्यासारखा वास. एवढे दिवस मी तिच्यावर निजत होते आणि मला वाटायचं, पावसाळा आहे, अंथरूण दमट व्हायचंच. गादीखाली प्लायवूडची फळी, तिला सगळे स्क्रू नवेकोरे. मेकॅनिकनं फळी उघडली. खालचं लाकूड काळं पडलं होतं, टाकीकडं जाणारा पाइप जोडाशी चिरला होता आणि त्या चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी सुतळीनं आवळून बांधली होती. गळलेलं पाणी लाकूड पीत होतं, म्हणून पुठ्ठा कोरडा.

सुतळीची गाठ मी ओळखली. भाताचे भारे आमच्याकडं तशा गाठीनं बांधतात. बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शिकवली होती ती.

मी गॅरेजच्या मागं जाऊन भावाला फोन लावला.

"हां ताय, बोल."

"टोकावड्याला हाय. गॅरेजात."

"तापली काय?"

"तुला कसं ठाऊक तापली? पंक्चर पन होऊ शकते."

तो म्हणाला, "जुनी गाडी, ताय. एवढं तेवढं चालायचं."

"हळद कोनी टाकली?"

"मीच. थांबलं होतं ना पानी त्यानं."

"आनि गादी?"

"गादी तुज्या कंबरेसाठीच गो."

"कंबरेखालचं लाकूड कुजलंय, रे."

त्याचा आवाज मग चढला नाही, उलट समजूत घातल्यासारखा झाला. "मला काय म्हाइत तू खरंच घाट चढशील? मला वाटलं, दारात उभी करशील. पोरंबाळं खेळतील, चार बायका बघतील, तुला बरं वाटंल. आता या वयात तू कुटं जानार होतीस?"

फसवलं याचं दुःख मी कदाचित पचवलं असतं. मोडकं देऊन मोकळं व्हायची माणसाला सवयच असते. पण त्यानं माझी इच्छा लहानपणापासून लक्षात ठेवली, तिचंच नाव घेऊन गाडी दिली, आणि ती इच्छा खरी असेल असं त्याला एकदाही वाटलं नाही. लहान मुलाला खोटी घागर देऊन पाण्याला पाठवावं, तसं. फोन मी ठेवला की त्यानं, ते आठवत नाही.

परत आले तर हे लाकडी बाकावर बसलेले. मी म्हटलं, "तुमाला ठाऊक व्हतं."

"पैल्याच आठवड्यात दिसलं. पिवळं पानी."

"आनि सकाळचा तांब्या?"

"काच धुवून उरलं की टाकायचो आत."

"मग तोंड का नाय उघडलंत?"

"किती जनांना सांगत होतीस तू. भावानं दिली, भावानं दिली. मी कुटं मधे पडू?"

म्हणजे एक जण झाकत होता, दुसरा भरत होता आणि मी मधे बसून चहा करत होते. यांच्यावर मी जास्त चिडले, खरं सांगायचं तर. समोर होते म्हणून असेल. त्यांनी माझ्या चांगल्यासाठी केलं असं सगळे म्हणतील. करू देत. माझ्या चांगल्यासाठी मला येडं ठेवायचं, हे दोन पुरुषांनी एकमेकांना न विचारता ठरवलं होतं.

दुरुस्ती झाली, ती मी उभं राहून करून घेतली. चिरलेला पाइप पूर्ण काढला, नवा घातला, दोन्ही टोकांना नवीन क्लिपा आवळल्या. रेडिएटरमध्ये उलट्या बाजूनं पाणी सोडलं. आधी हळदीचा रस्सा निघाला, मग गंजाचा, मग नितळ. हळद गेल्यावर खालची भोकं उघडी पडली, म्हणून रेडिएटर उतरवून मुरबाडला झाळून बुजवायला पाठवला. तो येईपर्यंत आम्ही गॅरेजच्या आवारातच राहिलो. घर चाकावर असलं की मुक्कामाची काळजी नसते. मेकॅनिक जाता-येता म्हणायचा, "मावशी, आता पत्ता बदलून घ्या, टोकावडं टाका." शेवटी हिरवं कूलंट भरलं, पुन्हा हवा भरून बघितली. हवेच्या पंपाचा काटा हलला नाही, आवाज आला नाही.

घाट चढलो. वर धरणाच्या कडेला राहिलो, ओतूरला राहिलो, जुन्नरच्या पुढं एका कांद्याच्या शेतापाशी राहिलो. त्या शेतातल्या बाईनं आम्हाला बाजरीची भाकरी दिली आणि माझ्या ओट्यावर स्वतः चहा करून बघितला. धरणाच्या उथळ पाण्यात पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उभा होता. सगळे एकदम उडाले तेव्हा पंखांखालून गुलाबी निघाले. यांच्याशी मी लागेल तेवढंच बोलत होते, पण ते पक्षी उडाले तेव्हा हात धरला गेला.

भाऊबीजेला भाऊ आला. यायचाच. नव्या तांदळाचं पोतं आणि साडी घेऊन आला. मी पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. ओवाळताना त्याच्या कपाळाकडं बघितलं, डोळ्यांकडं नाही. गाडीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. जेवायला बसल्यावर मात्र त्याची नजर अंगणात गेली. डब्याच्या चाकांना घाटावरची काळी माती होती. आमच्याकडची माती लाल.

"कुटं कुटं जाऊन आलीस, ताय?"

त्याला खरंच ऐकायचं होतं. लहानपणी मी आजोळहून आले की तो असाच पाय पोटाशी घेऊन बसायचा आणि मी बैलगाडीतला एकेक खड्डा सांगायची. माझ्या जिभेवर सगळं होतं. ती बाई, ती भाकरी, ते पक्षी. शेणव्यातल्या प्रत्येकाला मी ते दोन-दोनदा सांगितलेलं.

"हितंच," मी म्हटलं. "जवळपास."

आणि त्याला आमटी वाढली. आमच्या यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून भात कालवायला घेतला.