राँग साईडने येणारी बस

आमच्या चिखलीत पोराला चालत किंवा सायकलवर शाळेत पाठवणारी बाई एकतर गरीब असते, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं असतं, असं लोकांचं पक्कं मत आहे. मी गरीब नाही. नवरा चाकणच्या कंपनीत कायम आहे, घर स्वतःचं आहे, संध्याकाळी मी सोसायटीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. त्यामुळे माझ्या बाबतीत लोकांना दुसरं कारण धरावं लागलं आणि त्यांनी ते आनंदाने धरलं.

लेक तेव्हा सहावीत गेली होती. शाळा इतकी जवळ की वारा बरा असेल तर तिथली प्रार्थना आमच्या गॅलरीत ऐकू येते. तरी ती व्हॅनने जायची, कारण सगळेच व्हॅनने जायचे. ही व्हॅन आमच्या दारातून निघून आधी भलतीकडेच जायची, आजूबाजूच्या सोसायट्यांतली पोरं कोंबून घ्यायची आणि मग शाळेकडे वळायची. एकदा लेक डबा विसरली म्हणून मी धावत खाली गेले, व्हॅनचं मागचं दार उघडलं, तर ती गॅसच्या टाकीवर टाकलेल्या फळीवर बसलेली आणि मांडीवर दुसऱ्याच कुणाचं तरी लहान पोर. व्हॅनवाल्याला विचारलं, तर म्हणाला, मॅडम, सगळ्याच व्हॅनमध्ये असंच असतं. पुढच्या महिन्यापासून मी व्हॅन बंद केली. नवऱ्याला हे आवडलं नाही. नवऱ्याला मी समोर अहो म्हणते. इथे लिहिताना ते जमणार नाही, का ते पुढे कळेल.

मला एवढंच हवं होतं की माझ्या लेकीने आपली आपण शाळेत जावं आणि धडधाकट घरी यावं. यात काही फार मोठी मागणी आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

सायकल घरात होतीच. आमच्याकडे सगळ्याच पोरांना सायकली असतात, फक्त त्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवायच्या असतात, खुंट्याला बांधलेल्या वासरासारख्या. मी लेकीला रविवारी रस्त्यावर काढलं. डाव्या कडेने जायचं, वळायच्या आधी हात दाखवायचा, मोठी गाडी दिसली की थांबायचं, चौकात खाली उतरून सायकल हातात घेऊन ओलांडायचं. लेक बडबडी नाही. एकदा सांगितलं की ती तसंच करते आणि का करायचं ते मनात ठेवते. चार रविवार मी तिच्या मागे चालले, आणि पाचव्या रविवारी तिने मला सांगितलं की आई, तू मागे नको येऊस, तुझ्या चपलांचा आवाज आला की मला मागे बघावंसं वाटतं.

घरून चौकापर्यंत काही त्रास नव्हता. खरी लढाई चौकापासून शाळेच्या गल्लीपर्यंतच्या पट्ट्यात होती. तिथे फूटपाथ आहे, रंगीत ब्लॉकचा, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीचं चित्रसुद्धा काढलंय. त्या चित्रावर फॅब्रिकेशनवाल्याचे लोखंडी अँगल पडलेले असतात. पुढे कोंबड्यांचे पिंजरे, त्यापुढे कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि शेवटी कोपऱ्यावर वाळूचा ढीग. म्हणजे पोराने चालायचं असो की सायकल चालवायची असो, उतरायचं डांबरावरच.

ढिगाचा मालक रोज सकाळी त्याच्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून चहा पीत बसतो. जुन्या गावातला माणूस, वाळू-खडीचा धंदा, दारात दोन डंपर. मी त्याला नीट शब्दांत म्हटलं की काका, ढीग जरा आत घ्या, पोरांना जायला जागा राहील. त्याने कप खाली ठेवला नाही.

"हा रोड आमच्या वावरातनं गेलाय, बाई," तो म्हणाला. "आमी जागा दिली म्हनून तुमी हितं हाय. आता तुमी आमाला शिकवणार व्हय, वाळू कुठं टाकायची ते?"

मी म्हटलं, जागा दिली तेव्हा मोबदला घेतलाच असेल की. यावर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. ढीग मात्र दुसऱ्या दिवशी थोडा आणखी रस्त्याकडे सरकला होता. हे मी मनाचं सांगत नाही, आधीच्या दिवशी दिसत असलेलं गटाराचं झाकण त्याखाली गेलं होतं.

शाळेची तऱ्हा आणखी वेगळी. मुख्याध्यापिका मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून गोड आवाजात सांगितलं की सायकलला आवारात जागा नाही आणि वाटेत काही झालं तर जबाबदारी शाळेची नाही. मी विचारलं, व्हॅनमध्ये काही झालं तर कुणाची? तर म्हणाल्या, तो पालकांचा आणि व्हॅनवाल्याचा आपसातला प्रश्न. खूप झटापट केल्यावर वॉचमनच्या खोलीमागे एक सायकल लावायची परवानगी मिळाली, तीही उपकार केल्यासारखी.

याच शाळेने त्या वर्षी सायकल दिन साजरा केला. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला की मोठ्या वर्गांतल्या मुलांनी सायकल आणि हेल्मेट घेऊन यावं, रॅली निघेल, पाहुणे येतील. मला वाटलं, चला, उशिरा का होईना अक्कल आली. त्या दिवशी लेक नेहमीप्रमाणे निघाली आणि मी मौज बघायला मागून गेले. शाळेच्या गल्लीत टेंपो लागले होते. तीन-चार सोसायट्यांनी मिळून टेंपो ठरवला होता आणि त्यात पोरांच्या सायकली भरून आणल्या होत्या. ज्यांना टेंपो नको होता त्यांनी कारच्या डिकीत सायकल दोरीने बांधून आणली होती. पोरं मागून व्हॅनने आली. त्या टेंपो-गाड्यांच्या गर्दीत खरोखर सायकल चालवत आलेल्या एकाच मुलीला गेटपर्यंत जाता येईना. ती पोहोचली तेव्हा रॅलीचा फोटो होऊन गेला होता, आणि खेळाच्या सरांनी उशीर केला म्हणून तिला रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं. रॅली शाळेला एक चक्कर मारून परत आली, सायकली पुन्हा टेंपोत चढल्या. मी मॅडमना गाठून हे दाखवलं. त्या म्हणाल्या, पालकांनी सुरक्षिततेचा विचार केला, त्यांचं कौतुक करायला हवं. मला त्या बाईंचा इतका संताप आला की मी तिथून निघून आले, नाहीतर तोंडातून काय गेलं असतं सांगता येत नाही.

पण वाळूवाला आणि मॅडम यांच्याशी माझं भांडण म्हणजे नुसती तोंडाची वाफ. जीव घेणारी गोष्ट दुसरीच होती. याच पट्ट्याला येऊन मिळणाऱ्या आतल्या रस्त्याने कंपन्यांच्या बस येतात. त्यांना उजवीकडे चौकात जायचं असतं, पण तोंडाशीच डिव्हायडर आहे. नियमाने डावीकडे वळून पुढच्या कटपर्यंत जायचं आणि तिथून फिरून यायचं. तेवढा फेरा कोण घेतो? बस सरळ उजवीकडे वळते आणि राँग साईडने, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर, चौकापर्यंत जाते. त्या अंगावर येण्यातच माझी लेक डाव्या कडेने शाळेकडे निघालेली असायची.

म्हणून मी रोज सकाळी त्या पट्ट्यात उभी राहायला लागले. बस दिसली की हात आडवा करायचा. काही ड्रायव्हर थांबायचे, काही हॉर्न दाबून धरायचे, एकाने खिडकीतून मला आईवरून ऐकवलं. सोसायटीतल्या बायका सांगायच्या, तुला एकच लेकरू आहे म्हणून तुला हे सुचतं. सुरुवातीला माझ्या लेकीबरोबर आणखी दोन पोरं चालत निघायची, ती महिन्याभरात व्हॅनमध्ये परत गेली. नवरा त्या काळात फर्स्ट शिफ्टला होता, आम्ही उठायच्या आत घरातून जायचा. त्याला मी रस्त्यातल्या हकिकती सांगायचे, तर जेवता जेवता मान हलवायचा.

मग एका सोमवारपासून त्याची जनरल शिफ्ट लागली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. तो बाईक घेऊन आमच्या आधी निघाला, बस पकडायच्या ठिकाणी बाईक लावून पुढे जाणार होता. मी पट्ट्यात जाऊन उभी राहिले. लेक चौकातून सायकल हातात धरून आली, बसली, डावी कड धरून निघाली. तेवढ्यात आतल्या रस्त्याने पांढरी बस वळली आणि वेग कमी न करता सरळ आमच्या बाजूला घुसली. मी हात केला, ती थांबली नाही. लेकीने सायकल कडेला घेतली, पण कडेला वाळू. पुढचं चाक रुतलं, ती उलटून पडली आणि बस तिच्या पायांपासून हातभर अंतरावर करकचून थांबली.

गुडघा सोलला होता, कोपरातून रक्त येत होतं. रडली नाही, सायकलीचं हँडल वाकलंय का तेच बघत बसली. मी बसच्या पुढे उभी राहिले आणि काचेवर हातांनी मारायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, ताई, रोज इकडूनच येतो, आतली माणसं ओरडतात, मी काय करू. मी म्हटलं, आता ही बस मागेच जाईल, नाहीतर माझ्यावरून जाईल. आत कुरकुर सुरू झाली. आणि मग मागच्या सीटांवरून एक आवाज आला.

"अहो बाई, पोरीला घ्या की बाजूला. इथं पंचिंग चुकायलंय आमचं."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की हा माणूस जिन्यात खोकला तरी मी ओळखते. लातूरकडचं ते 'चुकायलंय' मी रोज घरात ऐकते. माझे हात थांबले. मी बसच्या कडेकडेने मागच्या खिडकीपर्यंत चालत गेले. गळ्यात कंपनीचं कार्ड, मांडीवर मी भरून दिलेला डबा. त्याने मला पाहिलं. मग माझ्यामागून सायकल ढकलत आलेल्या लेकीला पाहिलं, तिचा गुडघा पाहिला. त्याचा हात पुढच्या सीटच्या दांडीवर गेला. मला वाटलं, आता उठेल. शेजारच्याने त्याला विचारलं, काय राव, ओळखीच्या आहेत का?

"आमच्या सोसायटीतल्या हायेत," नवरा म्हणाला.

ड्रायव्हरने तेवढ्यात बस बाजूने काढली. गेली ती राँग साईडनेच. वाळूवाला खुर्चीत बसून हे सगळं बघत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. मी तिला दवाखान्यात नेलं आणि पट्टी बांधून आणली.

संध्याकाळी तो मलम आणि क्रीमरोल घेऊन आला. आधी लेकीजवळ बसला, फार लागलं का गं विचारलं. मग आत येऊन माझ्याशी बोलायला लागला. लाईनवर नवीन साहेब आहे, पंचिंगला उशीर झाला असता तर हाफ डे लागला असता, चारचौघांत काय सांगणार होतो, माझी बायको रोडवर भांडायलीय म्हणून? मी त्याला विचारलं की उद्या ड्रायव्हरला सरळ बाजूने बस न्यायला सांगणार का. तो म्हणाला, मी एकटा सांगून काय होतंय, सगळ्याच बस तिकडून येतात. आणि म्हणाला, सकाळी बसमधूनच व्हॅनवाल्याशी बोललोय मी, उद्यापासून लेकराला व्हॅनने पाठव, ती सायकल बंद. बसमधून उतरायला त्याला जमलं नव्हतं, पण बसमध्ये बसून व्हॅनवाल्याला फोन करायला जमलं होतं. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द मी आजही परत घेणार नाही.

आम्ही भांडत असताना लेक हॉलमध्ये पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करत होती. पट्टी बांधलेल्या गुडघ्यातच. ती तिथूनच म्हणाली, मला व्हॅन नको. मग बापाला म्हणाली, अगदी गणिताची शंका विचारावी तशी:

"पप्पा, तुमची बस चौकातून बाहेर पडली की मला मिसकॉल द्याल? म्हणजे मी मग निघेन."

ती चिडलेली नव्हती. तिने तिच्यापुरता हिशेब केला होता की बाप काही बसची वाट बदलणार नाही, तेव्हा बापाच्या बसपासून वाचायचं कसं. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, देईन की, त्यात काय, रोज देईन. माझ्याकडे असं बघितलं की बघ, किती सोपं होतं.

तेव्हापासून तो रोज इमानाने मिसकॉल देतो, अजून एकदाही चुकला नाही. नातेवाइकांना सांगतो की पोरगी सायकलने शाळेत जाते, पण माझं लक्ष असतं. फोन एकदा वाजून बंद झाला की लेक हेल्मेटचा पट्टा लावते. बाकीच्या बसमध्ये कुणाकुणाचे बाप बसलेले असतात, त्यांचा मिसकॉल आम्हाला येत नाही, म्हणून मी तिच्याआधी जाऊन रस्त्यात उभी राहते.