अक्कांनी सांगितलेला बर्फ

बाहेर निघालेल्या माणसाला अक्का जिन्यातच अडवायच्या. "स्वल्प थांब गं," म्हणत खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढायच्या, बोटं हलवायच्या आणि निकाल द्यायच्या, "चार वाजता पाऊस. छत्री घे."

असं हवामान खातं चालवणारे शेजारी तुमच्याही ओळखीचे असतील. पण येलहंक्यातल्या आमच्या अक्कांचं खातं सहसा चुकत नसे. त्यांच्या तीन पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. मी पुण्याहून नवी आलेली. मे महिन्यात मी हौसेनं कोल्हापुरी चपला घातल्या, तर म्हणाल्या, "इथं मेमध्ये पाऊस असतो, वेडे." मी ऐकलं नाही. त्या चपला भिजल्या आणि वाळल्यावर पापडासारख्या कडक झाल्या.

एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला इमारतीतले आम्ही सहाजण हिमाचलला गेलो. सत्तरीतल्या अक्कांनी तोवर बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिला होता. जीपच्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माताजी, बर्फ तो दिसंबर में." अक्का कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाट ओलांडून पुढच्या गावी जायचं होतं. सामान जीपवर चढलं आणि अक्का हॉटेलच्या पायरीवर बसल्या.

"आज घाटात बर्फ पडणार. मी येत नाही."

ड्रायव्हर हसायला लागला. मी वैतागून म्हटलं, "अक्का, ही येलहंक्याची हवा नाही हो!"

"हवा ती हवाच."

त्या ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी कुरकुरत आम्ही सामान उतरवलं.

सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरंशुभ्र! घाट बंद झाला होता, संध्याकाळपासून कितीतरी गाड्या वर अडकल्या होत्या. ही बातमी घेऊन आलेला ड्रायव्हर सरळ अक्कांच्या पाया पडला.

चहा पिताना मी त्यांना एकटीला गाठलं. "खरं सांगा, कशावरून ओळखलंत?"

अक्कांनी दाराकडे पाहून घेतलं. "ओळखलं कसलं! गुडघा धरला होता. परत चार तास त्या जीपमध्ये बसवेना. तसं सांगितलं असतं, तर म्हणाला असतात, म्हातारीला आणलंच कशाला! कुणाला बोलू नकोस."

नाही बोलले. गेल्या वर्षी अक्का गेल्या, म्हणून आता तुम्हाला सांगते.

त्यांची आठवण आली की मला ते अंगण दिसतं. पायांत ड्रायव्हरचे गमबूट, दोन्ही हातांनी धरलेल्या पदरात ओटीसारखा भरून घेतलेला बर्फ. यशवंतपूरच्या धाकट्या बहिणीचा फोन मी त्यांच्या कानाला लावलेला.

"विशेष काही नाही गं," अक्का तिला सांगत होत्या, "जरा गारठा आहे, इतकंच."

डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळत होतं. पण ते पुसायला पदर सोडावा लागला असता, आणि त्याला त्या काही तयार नव्हत्या.