चावी न देणारा माणूस

लोक मला सांगतात, "तुला महालक्ष्मीनं राखलं गो." राखलं, हे खरं आहे. पण ज्या दिवशी राखलं त्याच दिवशी माझी आई गेली, आणि तिच्या तोंडात तीर्थाचा थेंब घालायला मी पोचले नाही. तेव्हा हा अनुभव सांगताना माझ्या तोंडून गोडगोड बोल निघतील अशी आशा धरू नका. भक्ती आहे, पण जीभ अजून कडूच आहे.

आम्ही नरपडची, मासेमारी करणारी माणसं. घरी एक जुनी व्हॅन आहे. होडी किनाऱ्याला लागली की आमचे हे ती व्हॅन थेट ओल्या रेतीत उतरवतात, मासळीच्या पेट्या भरतात आणि खारं पाणी ठिबकवत बाजार गाठतात. त्यामुळे मागच्या चाकातून खरखर येणं आम्हाला नवीन नाही. रेती अडकली असं म्हणायचं, ब्रेक दाबत दाबत जायचं. वाटेतलं मसोली गाव येईपर्यंत चाक आपोआप गप्प होतं. आमच्या आळीतल्या सगळ्याच गाड्या अशा बोंबलतात. चाक खोलून बघायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आई तलासरीला माझ्या धाकट्या भावाकडे असायची. तो तिकडे कंपनीत कामाला आहे. ती बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. त्या सकाळी त्याचा फोन आला, "ताई, आत्ताच्या आत्ता निघ. आई सारखं तुझं नाव घेतेय, महालक्ष्मीचं तीर्थ मागतेय. आणि पणतूला आण म्हणते." मी, हे, सून आणि तिचं तान्हं लेकरू, असे आम्ही होतो तसे निघालो.

गंजाडच्या आसपास मागून आवाज सुरू झाला. हे म्हणाले, "रेती आहे, जाईल." मी म्हटलं, "रेती अशी बोलते होय?" रेतीची खरखर ब्रेक दाबला की बदलते. हा आवाज ब्रेकला जुमानतच नव्हता. गाडीचा वेग वाढला की घूं घूं वाढायची, जातं फिरवल्यासारखी. सून मागे बसली होती, ती म्हणाली, "आई, सीटखालून हादरतंय." तरी आम्ही थांबलो नाही. थांबणार कसे? वाटेत महालक्ष्मीच्या देवळापाशी तेवढी उतरले, तीर्थ बाटलीत घेतलं आणि देवीपुढे पदर पसरला. "मी पोचेपर्यंत तिचा जीव राहू दे, दुसरं काही नको." एवढंच मागितलं.

हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात एक पिकल्या मिशांचा माणूस मोटारसायकलवरून आमच्या बाजूबाजूनं यायला लागला. हात हलवत ओरडत होता, "ऊभी राखो! पाछळनुं पैडुं डोले छे!" गाडी थांबवा, मागचं चाक डोलतंय, असं गुजरातीत म्हणत होता. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बघायला उतरले. तेवढ्यात त्या माणसानं खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. माझं डोकंच फिरलं. "मेल्या, चावी दे! तिकडे माझी आई मरतेय!" मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "बेन, गाळ दे, शिव्या दे, पण चावी नाय देणार. बाळ हाय गाडीत."

जॅक लावून चाक उचललं. त्यानं टायर वरून आणि खालून धरून हलवला, तर अख्खं चाक खडखड करत आत-बाहेर झालं. मधला भाग इतका तापला होता की ह्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. खाऱ्या पाण्यानं बेअरिंग खाऊन टाकलं होतं. नंतर मेकॅनिकनं सांगितलं की अजून थोडं पुढे गेलो असतो तर चालत्या गाडीतून चाक निखळलं असतं. बरोबर त्याच चाकावर माझी सून लेकराला घेऊन बसली होती, आणि मागे ट्रेलरांची रांग होती.

पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला तीर्थाची बाटली धरून उभी होते. तो माणूस येईल त्या रिक्षाला हात करत होता आणि रिक्षा भरलेल्या निघून जात होत्या. एक टेम्पो थांबला, मी त्यात चढतेय तोच भावाचा फोन आला. "ताई, गेली." चावी धरून तो माणूस समोरच उभा होता. त्याचं तोंड बघायची मला इच्छा झाली नाही. हे सांगतात, चाक दुरुस्त होईपर्यंत तो त्यांच्यासोबत बसून होता. नाव विचारलं तर म्हणाला, "नाव शुं करवुं छे?" नावाचं काय करायचंय म्हणे, आणि गेला.

आईच्या मिटलेल्या ओठांवर मी तीर्थ ओतलं, ते हनुवटीवरून खाली ओघळलं. भाऊ एवढंच म्हणाला, "गाडी चालत होती ना? मग थांबलात कशाला?" माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता संताप होता. त्या माणसाचा, आणि त्याला पाठवणारीचा. चैत्रात आमची सगळी आळी देवीच्या यात्रेला गेली. मी घरी बोंबील वाळवत बसले. म्हटलं, तुला माझं ऐकू येत नाही, तर मी तरी तुझ्या दारात कशाला येऊ?

पुढे नातवाचं जावळ काढायची वेळ आली. आमच्यात ते देवीपाशीच काढतात, त्यामुळे जाणं भागच होतं. मुंडन झालेलं ते पोर कडेवर घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. ते माझ्या कानातलं ओढत होतं, खिदळत होतं. मी देवीला मनातल्या मनात म्हटलं, "मी मागितलं ते तू दिलं नाहीस. मागायचं मला सुचलंच नव्हतं, ते दिलंस. तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही, राग आहे आणि राहील. पण काय राखायचं ते ठरवणारी मी कोण? हे लेकरू तुझं, मला सांभाळायला दिलंयस, म्हणून पाया पडते." डोकं टेकवलं आणि तिथेच मला हुंदका फुटला. आवरेचना. सून घाबरली, "आई, काय झालं हो?" म्हणून मला उठवायला लागली.

मी तिला म्हटलं, "रडू दे गो. माझी आई गेली."