"राजीखुशीनं सोडताय ना?"

वडगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दादानं माझ्या मांडीवर साडीची पिशवी टाकली. "सही कर आन् ही नेस. बाईच्या जातीला अजून काय लागतं?" दोन्ही साक्षीदार हसले. त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ.

वडिलांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोवर हक्कसोडपत्र तयार. सुदुंबऱ्याच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडते, असा कागद. आमच्याकडे बहिणी सोडतातच. न सोडणारीला माहेर नाही. नवरा म्हणाला होता, "तुझ्या माहेरचं तू बघ."

शेजारी आई. तिचा अंगठा आधीच उमटवून घेतलेला. ती कुजबुजली, "कर बाय सही. म्या बी केलती माज्या भावाला."

"मग काय दिलं मामानं?"

"दोन दिवाळ्या लुगडं धाडलं."

ती पदराला अंगठ्याची शाई पुसू लागली.

मी लोणावळ्यात शिक्षिका. दर महिला दिनाला माईकवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "मी स्त्रीवादी वगैरे नाही हं!" मग पुरुष शिक्षक खूश, संस्थाचालक खूश, चहाबरोबर कौतुक. इतकी वर्षं मी आधी माफी मागून मगच तोंड उघडत आले. आता त्याची लाज वाटते.

आमचा नंबर आला. अंगठ्याच्या यंत्रापुढं मी. मागं दादा, एका बाजूला चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला दादानं आणलेला वकील. हलायला जागा नाही. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव?"

"व्हय साहेब, राजीखुशीनंच," दादा म्हणाला.

माझी खुशीसुद्धा त्यानंच सांगून टाकली. तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, मला विचारलंय ना? माझी खुशी नाही. मी सही करणार नाही."

दादा साक्षीदारांकडं वळला. "शिकवलं हितंच चुकलं. बाई फेमिनिस्ट झाल्यात!"

पुन्हा हसू. माझ्या तोंडावर आलं होतं, छे छे, तसलं काही नाही. सवयच ती. ते गिळलं.

"हो, आहे. वाटा न सोडणारीला तू तेच म्हणत असशील, तर मी तीच."

आई गाडीत जाऊन बसली, काच वर केली. दादा फाटकापाशी म्हणाला, "आजपासून तू आमाला मेलीस." मी एसटीत लोणावळ्यापर्यंत रडले.

यंदा भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. दिवसभर फोनकडं बघत होते, खोटं कशाला बोलू? सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज मी तलाठ्याकडं दिलाय. दादानं हरकत घेतलीय. घेऊ दे. तारखा पडतील, प्रत्येक तारखेला मी हजर राहीन. मी थकले तर माझी मुलगी जाईल. सही मात्र कुणालाच मिळणार नाही.